अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही, ही पहिली. दुसरी अशी की, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." पहिली अट पाळणं सोपं आहे, कारण मसालेभाताचा वास माझ्यापर्यंतही पोचतो आहे. दुसरीसाठी मी विषय जरा विचार करून निवडला. सॉफ्टवेअरमध्ये तेवीस वर्षं काढल्यावर मला कोडिंगपेक्षा एका साध्या गोष्टीबद्दल जास्त बोलावंसं वाटतं: कामाला ठेवलेल्या माणसाच्या हातात मालकानं काय द्यावं. आपल्यापैकी निम्मे आज कुणाचे ना कुणाचे मालक आहेत आणि उरलेले कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली आहेत. तेव्हा विषय सगळ्यांचाच आहे.

आपल्याला मराठीच्या पेपरात म्हणींचा अर्थ विचारायचे. 'नाचता येईना, अंगण वाकडं' ही त्यातली हमखास. अर्थ आपण पाठच केला होता: स्वतःला काम येत नसलं की दोष साधनांना देणं. बाईंनी पूर्ण गुण दिले. म्हण खोटी नाही, असे लोक मी खूप बघितलेत. पण या म्हणीनं एक घोटाळा करून ठेवलाय. एखाद्यानं अंगणाबद्दल ब्र काढला की आपण लगेच त्याच्या नाचाकडे बघतो. अंगण सरळ आहे का, हे बघायला कुणी वाकतच नाही. मला आज त्या अंगणाबद्दल बोलायचं आहे.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. बाहेरून ते टायपिंगसारखं दिसतं. खरं तर टायपिंग त्यात फार थोडं. समजा, बँकेत एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा व्हायच्या आत यंत्र बंद पडलं, तर काय व्हायला हवं? याचा विचार करताना आठ-दहा फायली, त्यांचे एकमेकांशी संबंध, इथं हात लावला तर तिकडं काय मोडेल, हे सगळं एकाच वेळी डोक्यात उभं करावं लागतं. मग बदल लिहायचा. लिहिलेलं यंत्राला चालेल अशा रूपात बांधून घ्यायचं; त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. मग चाचण्या चालवायच्या. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चांगल्या दिवशी हे चक्र वीस-तीस वेळा फिरायला हवं.

इचलकरंजीच्या लोकांना यातली मेख समजावणं सगळ्यात सोपं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग चालवला, तेव्हापासून हे गाव धागा तुटण्याचा हिशोब करत आलंय. चार-सहा माग सांभाळणाऱ्या कामगाराला मजुरी पिकावर आणि मीटरवर मिळते. सूत कच्चं आलं तर धागा सारखा तुटतो, माग थांबतो, तो गाठ मारतो, पुन्हा चालू करतो. तोवर शेजारचा थांबलेला असतो. संध्याकाळी कापड कमी निघतं. कामगार तोच, हात तेच, सूत वेगळं. हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. कापड कमी निघालं तर शहाणा मालक आधी सुताचं पोतं बघतो, मग कामगाराकडे बघतो.

आमच्याकडेही धागाच असतो, फक्त तो डोक्यात असतो. बिल्ड वीस सेकंदांत झालं तर तो शाबूत राहतो. वीस मिनिटं लागली तर माणूस फोन उघडतो, चहाला जातो, दुसऱ्याच कामाला हात घालतो. परत येतो तेव्हा मघाशी डोक्यात उभं केलेलं सगळं कोसळलेलं असतं. म्हणजे नुकसान वीस मिनिटांचं नसतं, त्याहून बरंच जास्त असतं.

हे माझं नुसतं मत नाही. आयबीएम कंपनीतल्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी १९८२ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. संगणकाला आज्ञा दिल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो आणि त्याचा माणसाच्या कामावर काय परिणाम होतो, हे त्यांनी मोजलं होतं. उत्तराला ३ सेकंद लागत तेव्हा प्रोग्रॅमर तासाला सुमारे १८० आज्ञा देत असे. तोच वेळ ०.३ सेकंदावर आला तेव्हा आकडा ३७१ झाला, म्हणजे दुपटीहून जास्त. गंमत बघा, यंत्रानं प्रत्येक वेळी पावणेतीन सेकंदच वाचवले, पण माणसाचे वाचले दहा सेकंद. वरचे सात-साडेसात सेकंद कुठून आले? ते धागा न तुटण्याचे. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते, मी हा हिशोब दोनदा तपासला आहे.

साधन म्हणजे फक्त यंत्र असंही नाही. आपल्या वर्गातल्या ज्यांनी एअरजेट माग टाकले आहेत, त्यांनी शेडमध्ये हवा दमट ठेवायची यंत्रणा बसवली आहे. त्यावर लाखो रुपये घातले आणि तिचं विजेचं बिल दर महिन्याला भरताय. कुणी विचारलं का, की हवेवर कसला खर्च करता? कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो, एवढं कारण पुरलं. आमच्या धाग्याला दमट हवा नको, शांतता हवी.

टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर या दोन अमेरिकन सल्लागारांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतल्या सहाशेहून जास्त प्रोग्रॅमरना एकसारखं काम दिलं. प्रत्येकानं ते आपापल्या ऑफिसात, आपल्या रोजच्या टेबलावर करायचं. मग वेळ आणि चुका मोजल्या. वरच्या चौथाईतले लोक आणि खालच्या चौथाईतले लोक यांच्यात पगाराचा किंवा अनुभवाचा फारसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो जागेचा. वरच्यांना सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, खालच्यांना ४६. 'आमच्याकडे पुरेशी शांतता असते' असं वरच्यांपैकी ५७ टक्के म्हणाले, खालच्यांपैकी २९ टक्के. आता यावरून चांगल्या जागेमुळेच माणूस चांगलं काम करतो असं सिद्ध होत नाही. चांगले लोक चांगल्या जागा शोधून तिथं जात असतील, असंही असू शकतं. लेखकांनी हे स्वतःच मान्य केलं आहे आणि वर विचारलं आहे की मालकाच्या दृष्टीनं त्यानं काय बिघडलं? कसंही धरलं तरी चांगल्या जागेवाल्याकडेच चांगलं काम होतंय.

त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, आयबीएमनं कॅलिफोर्नियात सँता टेरेसा इथं खास प्रोग्रॅमर लोकांसाठी इमारत बांधली. आराखडा काढण्याआधी हे लोक दिवसभर नेमकं काय करतात, किती वेळ एकटे बसतात, किती वेळ दोघं-तिघं मिळून बोलतात, याचा अभ्यास केला. मग प्रत्येकाला सुमारे १०० चौरस फुटांची, दार लावता येईल अशी खोली दिली. इमारत १९७७ मध्ये सुरू झाली. आज पन्नास वर्षं होत आली. त्यानंतरच्या काळात मी ज्या ज्या ऑफिसात बसले, तिथं दार असलेली खोली प्रोग्रॅमरला कधी दिसली नाही. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना माणसं, आणि पलीकडे सेल्सवाले मोठ्यानं फोनवर बोलताहेत. धागा टिकायचा कसा?

मग प्रश्न पडतो की हे इतकं सरळ आहे तर मालक असं का वागतात? ते काही दुष्ट नसतात. बरेचसे तर आमच्यासारखेच प्रोग्रॅमर होते. मला याचं एक कारण इतिहासात दिसतं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० नावाचा मोठा संगणक आला. बाहेरच्या संस्थांमधल्या संशोधकांचं कामही त्यावर चाले. त्या काळात प्रोग्रॅम पंच केलेल्या कार्डांवर असायचा. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा रांगेत. तेव्हा हे बरोबरच होतं. यंत्र एक, त्याची किंमत अफाट, आणि माणसाचा पगार त्यापुढे काहीच नाही. यंत्र रिकामं राहू नये म्हणून माणसानं थांबावं. पुढेही आपल्याकडे यंत्र दुर्मीळच राहिलं. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. तो आयात करायच्या परवान्यासाठी दिल्लीला किती खेटे घालावे लागले, हे नारायण मूर्तींनी नंतर अनेकदा सांगितलं आहे.

त्या काळानं आपल्या डोक्यात एक नियम पक्का बसवला: यंत्र महाग, माणूस स्वस्त. आता हिशोब उलटा झालाय, पण नियम तसाच राहिला. आकडे मांडून बघू. मी सोयीचे आकडे धरते, तुम्ही तुमचे घाला. एका इंजिनियरचा कंपनीला वर्षाचा खर्च १२ लाख रुपये आणि कामाचे दिवस २४० धरा. म्हणजे दिवसाला ५,००० आणि तासाला साधारण ६२५ रुपये. आता लॅपटॉप. साधा ७५,००० चा, उत्तम दीड लाखाचा, दोन्ही तीन वर्षं चालणारे. फरक ७५,००० चा, म्हणजे वर्षाला २५,००० आणि दिवसाला सुमारे १०४ रुपये. ६२५ रुपये तासाच्या माणसाची दहा मिनिटं. उत्तम यंत्रानं दिवसाला दहा मिनिटं वाचवली तर वरचे पैसे फिटले. त्यापुढची प्रत्येक मिनिट नफा.

इतका सरळ हिशोब असून तो का होत नाही? कारण ७५,००० रुपयांचं बिल येतं, त्यावर कुणाला तरी सही करावी लागते. दहा मिनिटांचं बिल येत नाही. खरेदी विभागातल्या माणसानं वर्षात किती पैसे वाचवले यावर त्याचं कौतुक होतं; त्यानं किती लोकांचे तास वाया घालवले हे कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. तुमच्या एअरजेट मागावर छोटा पडदा असतो. ताण्याचा धागा कितीदा तुटला, बाण्याचा कितीदा, माग किती वेळ थांबला, सगळं त्यावर दिसतं. माणसाच्या डोक्यावर असा पडदा नाही. मग जे दिसत नाही त्याचा दोष जो समोर दिसतो त्याच्यावर जातो.

हे कसं होतं ते मी जवळून बघितलंय. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. शेजारच्या टीममध्ये मराठवाड्यातल्या एका लहान गावातून आलेली मुलगी होती. शिकायला हुशार, कॅम्पसमधून निवडून आलेली, अबोल. सहा महिन्यांत तिच्या नावापुढे 'काम संथ' असा शेरा लागला आणि तिला सुधारणेसाठी तीन महिन्यांची मुदत मिळाली. आमच्या क्षेत्रात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी तिची वरिष्ठ नव्हते. पण एकदा ती जेवायला आली नाही म्हणून तिच्या टेबलाशी गेले, आणि तिचा पडदा बघून तिथंच बसले.

तिला कुणीतरी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा जुना लॅपटॉप दिला होता. रॅम निम्मी, आत फिरती हार्ड डिस्क. त्यावर सुरक्षेचं सॉफ्टवेअर असं लावलेलं की बिल्ड चालू असताना तयार होणारी हजारो छोट्या फायलींतली प्रत्येक फाइल ते उघडून तपासायचं. त्या दुपारी मी कागदावर नोंद केली. शेजारच्या मुलाचं बिल्ड ४ मिनिटांत व्हायचं, तिचं १९ मिनिटांत. दोन ते सहा या चार तासांत त्याचं चक्र सतरा वेळा फिरलं, तिचं सहा वेळा. चार तासांतले जवळजवळ दोन तास ती नुसती पडद्याकडे बघत बसली होती. या सहा चक्रांत तिनं केलेल्या चुका मी मोजल्या. त्या मुलापेक्षा कमी होत्या.

मी तो कागद तिच्या मॅनेजरला दाखवला. त्यांना पटलं, त्यांनी लगेच मागणी पाठवली. पण नियम असा की यंत्राला चार वर्षं झाल्याशिवाय बदल नाही, आणि त्या यंत्राची चार वर्षं भरायला अजून सात महिने होते. अपवादासाठी तीन सह्या लागत. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. नवं यंत्र अकराव्या आठवड्यात आलं. ती नवव्या आठवड्यात राजीनामा देऊन गेली होती. राजीनाम्याच्या कारणापुढे तिनं 'वैयक्तिक' असं लिहिलं होतं. यंत्र तिच्या जागी आलेल्या मुलाला मिळालं आणि त्याच्या कामाचं कौतुक झालं.

जायच्या दिवशी ती मला भेटायला आली. म्हणाली, "मॅम, मला वाटायचं मीच स्लो आहे."

दोन तास वाया जाणं मी समजू शकते, पैसे वाया जाणंही. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीनं घरापासून शेकडो किलोमीटर दूर येऊन दररोज संध्याकाळी खोलीवर जाताना 'मलाच जमत नाही' असं मनाशी म्हणायचं, आणि कारण काय, तर फिरती हार्ड डिस्क! मी यंत्रांबद्दल इतकी हट्टानं बोलते ते तेव्हापासून.

तुम्ही म्हणाल, तिनं मागितलं का नाही? आपल्यापैकी किती जणांनी मागितलं असतं? आपण भागवून घेणाऱ्या घरांतले. मोठ्या भावाची पुस्तकं, पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या वह्या, बोटात मावेनाशी झाल्यावर पेनच्या टोपणात खोचलेली पेन्सिल. मला त्या भागवण्याचा अभिमान आहे. भूगोलाच्या बाईंनी फाटलेल्या नकाशाला मागून कापड लावून तो आपल्याला तीन वर्षं पुरवला, स्वतःच्या पैशांनी रंगीत खडू आणले, हे आपण विसरलेलो नाही. पण आपण स्वतः भागवणं वेगळं आणि आपल्या हाताखालच्याला भागवायला लावणं वेगळं. बाईंनी स्वतःची झीज सोसली, आपली सोसू दिली नाही. मालक जेव्हा म्हणतो, "आहे त्यात भागव," तेव्हा भागतं कुणाचं आणि झिजतं कोण, हे एकदा बघायला हवं.

याचा अर्थ महागडं ते सगळं आणून ओतावं असा मुळीच नाही. आमच्या क्षेत्रात दुसरं टोकही आहे. ऑफिसात रंगीत बीनबॅग, टेबल टेनिस, फुकट कॉफीचं मशीन, भिंतीवर मोठमोठी वाक्यं. आणि मीटिंगशिवाय दोन तास शांत बसायला जागा नाही. हे पाहुण्यांना दाखवायला आणलेलं असतं. एका ऑफिसात फार भारी खुर्च्या आणल्या होत्या. माझी उंची तुम्हाला माहीत आहे, प्रार्थनेला मी कायम पहिल्या रांगेत. त्या खुर्चीवर माझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, दुपारपर्यंत कंबर धरायची. आमच्या टीममधल्या निम्म्या बायकांची तीच तक्रार होती. उपाय काय होता? पायाखाली घ्यायला एक फळी. ती कुणी आणली नव्हती, कारण खुर्ची निवडताना तिच्यावर बसणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता एआयच्या साधनांचंही तेच चाललंय. कंपन्या हजारो लोकांसाठी परवाने विकत घेतात, कोण किती वापरतं याचे तक्ते काढतात. साधनं उपयोगी आहेत, मी रोज वापरते. पण ती चालवायची त्याच जुन्या लॅपटॉपवर आणि त्याच गोंगाटात. वरून आलेलं साधन आणि कामातून मागितलेलं साधन यांत फरक पडतो तो असा.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आयबीएममध्ये सिस्टिम ३६० या प्रचंड प्रकल्पाचं नेतृत्व केलं आणि १९७५ साली अनुभवावर एक पुस्तक लिहिलं. आमच्या व्यवसायात ते अजून वाचलं जातं. त्यात हत्यारांच्या धारेबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे. इतक्या मोठ्या प्रकल्पाच्या प्रमुखाला हत्यारं हा किरकोळ विषय वाटला नाही, याची मला नेहमी आठवण होते.

आपल्याकडे तर त्यासाठी सणच आहे. खंडेनवमीला माग धुऊन-पुसून त्याला हार घालतो. गॅरेजवाले पान्यांची पूजा करतात, शिंपी मशीनला कुंकू लावतो. पुण्यात आमच्या ऑफिसातही त्या दिवशी लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतात. मी ते ठेवते आणि गेली काही वर्षं त्याच दिवशी माझ्या टीममधल्या प्रत्येकाला एकटं बसवून एकच प्रश्न विचारते: "तुझ्या कामात रोज काय आडवं येतं?" तुम्हालाही तेच सुचवते. माग असोत, दवाखाना असो, दुकान असो. उत्तरं फार स्वस्त असतात. एकानं सांगितलं, दुपारी पडद्यावर ऊन येतं. एक पडदा लावला, दोनशे रुपयांत काम झालं. एकीनं दुसरा मॉनिटर मागितला. एकाला काहीच नको होतं, फक्त सकाळी अकराच्या आत मीटिंग नको होती. त्याला एक रुपयाही लागला नाही. पण हा प्रश्न मालकानं आपण होऊन विचारायला हवा. ज्याच्या हातात पगार आहे त्याच्यापुढे जाऊन 'अंगण वाकडं आहे' असं म्हणायला फार धीर लागतो, आणि म्हण पहिलीपासून पाठ असते.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं तर यासाठीच मी हा विषय घेतला. आपल्या ग्रुपवर दोन महिने चर्चा चालू आहे की बॅचतर्फे शाळेला संगणक द्यायचे. काही मित्रांनी आपापल्या ऑफिसांतले जुने चाळीस संगणक मिळवून द्यायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या मनातली भावना मला कळते आणि मी तिचा आदर करते. फक्त हे संगणक आत्ता इतके मुबलक का झाले ते सांगायला हवं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून ऑफिसं ती काढून टाकताहेत. त्यांच्यासाठी ती अडगळ आहे. शाळेत आली की ती प्रयोगशाळा होईल, असं आपोआप होणार नाही.

जुनं म्हणजे टाकाऊ असंही मी म्हणत नाही. त्यातली चांगली निवडली, फिरती डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम वाढवली, लिनक्स टाकलं, तर शाळेसाठी उत्तम चालतील. ते काम मी स्वतः येऊन करीन, पुण्याहून दोघं-तिघं आणीनही. माझी सूचना एवढीच आहे: चाळीस अडखळणारे देण्यापेक्षा पंधरा धड चालणारे देऊ. वाचलेल्या पैशांतून इन्व्हर्टर, नीट वायरिंग, पाचवीच्या मुलांचे पाय टेकतील अशी बाकं आणि पुढच्या पाच वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद करू. उद्घाटनाच्या फोटोत पंधरा संगणक थोडे दिसतील. दिसू देत.

कारण चाळीसमधल्या अडकलेल्या यंत्रापुढे सहावीतली एखादी मुलगी बसेल, माउस हलवेल, पडदा गोठलेला राहील. शेजारच्याचं चालू असेल. तिला हार्ड डिस्क माहीत नसेल. ती हात मागे घेईल आणि घरी जाऊन आईला सांगेल की मला कॉम्प्युटर जमत नाही. त्या मुलीला तसं वाटू द्यायचं नसेल तर तिच्यापुढचं यंत्र नीट चाललंच पाहिजे. तेवढी जबाबदारी आपण देणगीबरोबर घेऊ.

मुख्याध्यापक सरांना एक विनंती. संगणकाच्या बाईंनाच आधी यादी करायला सांगावं. त्यांच्या कामात रोज काय आडवं येतं ते त्यांना ठाऊक असणार. यादीत पहिला नंबर संगणकाचा नसेल, खोलीतल्या पंख्याचा किंवा प्लगचा असेल, तर आधी तोच बसवू. त्या यादीसाठी मी माझा वाटा आज कार्यालयात भरते आहे. ज्यांना भरायचा असेल त्यांच्यासाठी जेवणाच्या मंडपाशी वही ठेवली आहे.